कोपरापर्यंत बांगड्या

श्रीरामपुरात जैतूनबी मन्यारणीला ओळखत नाही असा माणूस एकतर कालच गावात आलेला, नाहीतर तिच्या तावडीतून वाचलेला. साठी उलटली तरी डोक्यावर बांगड्यांची पेटी, गालात तंबाखूची गोळी आणि जिभेवर साऱ्या गल्लीच्या बातम्या. कुणाच्या बिर्याणीत मटणापेक्षा बटाटे जास्त, कुणाची सून मोबाईल उशीखाली ठेवते, सगळं त्या पेटीबरोबर दारोदार फिरायचं.

फक्त एक गोष्ट फिरत नसे. धंदा हाती देताना सासूनं बजावलं होतं, "हाताचं माप बघायचं, हातावरचं बघायचं न्हाई." एरवी सासूचं एक न ऐकणाऱ्या बाईनं हे मात्र कसोशीनं पाळलं. वळ असो, चटका असो, वरून बांगडी सरकवायची आणि पुढच्या दारात बटाट्यांचं बोलायचं.

स्वतःच्या घरात हीच बाई निराळी. नवरा चाँदभाई एकदा हात उगारून आला, तर हिनं पितळी परात उचलली, दारात उभी राहिली आणि लाटण्यानं बडवत सुटली. गल्ली गोळा झाली. शेजारच्या झुंबरबाईनं येऊन विचारलं, "कुनाचं लगीन हाय गं?" चाँदभाई मागच्या दारानं सटकला तो चार दिवस बहिणीकडं. पुढं कधी त्याचा आवाज चढलाच, तर जैतूनबी नुसतं परातीकडं बघायची.

अशी ही परातवाली अंजुमच्या वेळी मात्र गप्प राहिली.

अंजुम नेवाशाची लेक, मागच्या गल्लीत दिलेली. ईदीच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदीच्या सकाळी, तिच्या सासूनं जैतूनबीला बोलावून घेतलं. पोरीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवेनिळे वळ, आणि दुपारी तिचा भाऊ इलियास भेटायला येणार. अंजुम मान खाली घालून म्हणाली, "खाला, कोपरापर्यंत भरा. भाईजाननं बघितलं तर उगा वाढंल."

जैतूनबीनं भरल्या. अडीच-अडीच डझन, काचेच्या, सुजलेल्या हातांवरून, आणि एकही वाढू दिली नाही. घरी येऊन झुंबरबाईपुढं त्याची फुशारकीही मारली, तेवढी सूज वगळून.

इलियास आला, शीरखुर्मा प्यायला, बहिणीचे भरलेले हात पाहून हसला आणि सुखात दिसतीस म्हणाला. काहीतरी कानावर आलं म्हणून तो तिला घरी न्यायलाच मित्राची जीप घेऊन आला होता, हे पुष्कळ दिवसांनी कळलं. जीप रिकामीच परत गेली.

चार महिन्यांनी नवऱ्याच्या एका थपडेनं अंजुमचा डावा कान गेला. त्या दिवशी ती अंगावरच्या कपड्यानिशी नेवाशाच्या एसटीत बसली. पोलिसांत तक्रार दिली. जमातीतले वडीलधारे समजुतीनं घे म्हणाले, तेव्हा त्यांना सांगून आली, "एक कान दिलाय. दुसरा देनार न्हाई." आता ती शिवणकाम करते, आणि दर जुम्म्याला तिच्या ओट्यावर बायका जमतात. कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाला नुसतं बसायचं असतं.

तेव्हापासून जैतूनबी वळ दिसला की बांगडी परत पेटीत ठेवते आणि दारात उभी राहून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारते, कुणी मारलं म्हणून. त्यापायी गिऱ्हाइकाची चार घरं तुटली. त्याचं तिला काही नाही.

यंदा मात्र ती हिय्या करून नेवाशाला गेली. मनात एकच होतं, पोरीची माफी मागायची. एसटीत सारा वेळ शब्द जुळवले. अंजुमनं चहा केला, हसून हात पुढं केले, म्हणाली, "दोन-दोनच भरा, खाला. मनगट दिसू दे."

बांगडी आधी डाव्या हातात भरायची, ही चाळीस वर्षांची सवय. जैतूनबी डाव्या बाजूला बसली, हात हातात घेतला आणि मान वर न करता, पुटपुटत, सगळं बोलून गेली: ती सकाळ, ती सूज, ती फुशारकी, ती रिकामी जीप. डोळे पुसून वर बघते तर अंजुम रस्त्यानं धडधडत जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं बघत होती. तिच्यापर्यंत एक अक्षर पोचलं नव्हतं.

जैतूनबी उठून उजव्या बाजूला बसली. उजव्या हातात दोन बांगड्या सरकवल्या आणि चांगला कान शेजारीच असताना अख्ख्या गावाच्या बातम्या वाहिलेल्या त्या तोंडून एवढंच निघालं, "घट्ट होत न्हाई ना गं?"

"न्हाई खाला," अंजुम म्हणाली.