बर्डीवरच्या दुकानातला रिसीव्हर

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. निवृत्तीनंतर कुठं शाळेत, कुठं ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत बोलावणं येतं आणि "साहेब, एखादी केस सांगा" असा आग्रह होतो. मी दरोडे सांगतो, खुनाचे तपास सांगतो, रेल्वे यार्डातल्या चोऱ्या सांगतो. ही एक केस मात्र दर वेळी जिभेवर येऊन परत जायची. खरं तर तिचा तपास मीच लावला होता आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. आता वय झालं आहे. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका गजबजलेल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. माझा एक मित्र वायरलेस विभागात त्याच हुद्द्यावर होता. रामटेककडच्या धानवाल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. आम्ही एकाच वर्षी खात्यात लागलो आणि लग्नं होईपर्यंत पोलीस लाइनीत एका खोलीत राहिलो. शिपाई त्याला 'रेडिओसाहेब' म्हणत. इथंही तेच म्हणतो.

मी बंदोबस्ताहून घामेजून यायचो, तेव्हा तो कंट्रोल रूममध्ये पंख्याखाली कानाला हेडफोन लावून बसलेला असायचा. वरिष्ठ त्याच्या टेबलाशी थांबून बोलत. माझ्या टेबलाशी ते थांबले तर काही चुकलं म्हणूनच थांबत. घरचा रेडिओ बिघडला की माझी बायको त्याला निरोप धाडायची.

"भावजी, हा पुन्हा खरखर करून राहिला."

"वैनी, रेडिओ चांगला आहे. ह्यानंच त्याले दम देल्ला असन. पोलिसाच्या घरात कोन मोकळं बोलते?"

ती खळखळून हसायची. मीही हसायचो, पण नंतर जेवण गोड लागत नसे. माझ्या बोलण्यावर ती तशी हसल्याचं मला आठवत नव्हतं. रोज सकाळी सगळ्या ठाण्यांचे सेट तपासताना तो वायरलेसवर विचारायचा, "कसं ऐकू येऊन राहिलं?" बाकीची ठाणी लगेच उत्तर देत. मी ऐकू येत असूनही मुद्दाम थांबायचो आणि त्याला दोनदा विचारायला लावायचो. एवढाच माझा सूड.

त्या काळात आमच्या हद्दीत सट्ट्याचे अड्डे बोकाळले होते. छापा घालायला गेलो की खोली रिकामी सापडायची. चटईवर बिड्या जळत असायच्या, कपातला चहा गरम असायचा, माणूस मात्र एक नाही. एकदा असं होतं, दोनदा होतं. सारखंच व्हायला लागलं तेव्हा उपायुक्त साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी रेडिओसाहेबाला नावानं हाक मारली आणि म्हणाले, "बस." मला काही म्हणाले नाहीत. मी उभाच राहिलो.

साहेबांना शंका होती की सट्टेवाले आमचे वायरलेसवरचे संदेश चोरून ऐकत असावेत. रेडिओसाहेबानं उपाय सांगितला. छाप्याचा पत्ता सरळ शब्दांत न पाठवता आकड्यांत पाठवायचा. आकडे उलगडायची किल्ली फक्त कंट्रोल रूमला आणि ठाण्याच्या अधिकाऱ्याला ठाऊक असेल, आणि ती वरचेवर बदलायची. एवढ्यावर तो थांबला नाही.

"साहेब, कुलूप पक्कं आहे का नाही हे पाह्याचं असन तर आपणच चोर व्हाले पाह्यजे. मी बाहेर बसतो. एखादा जुना रिसीव्हर घेतो, एखादा चांगला रेडिओ मेक्यानिक संगं घेतो अन् आपलेच मेसेज चोरून ऐकतो. किल्ली न वापरता उलगडले, तर समजाचं का कुलूप कच्चं आहे."

साहेब खूश झाले. "कर," म्हणाले. "लेखी काही नको. कागद केला की तो दहा हातांतून जातो. ही गोष्ट आपल्या तिघांत राहील."

आपल्या तिघांत, असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. केबिनमध्ये चौथं कुणी नव्हतं.

सीताबर्डीवर रेडिओ दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं. तिथं मागच्या पडद्याआड रेडिओसाहेब साध्या कपड्यांत बसू लागला. सुरुवातीला त्यानं मुद्दाम काही संदेश जुन्या पद्धतीनं, सरळ शब्दांत पाठवायला लावले. ते त्या दुकानात स्वच्छ ऐकू आले. मग आकड्यांचे संदेश सुरू झाले. त्याच्यासारख्या माणसानं आणि त्या मेकॅनिकनं मिळून डोकं आपटलं, पण काही उलगडलं नाही. किल्ली बदलली की तो पुन्हा दुकानात बसून बघायचा, तेव्हाही नाही. कुलूप पक्कं होतं.

तरीही छापे फसतच होते.

एका सकाळी तो ठाण्यात आला. माझ्या टेबलावर हात टेकून, आवाज खाली आणून म्हणाला, "हवेतून काही फुटून नाही राहिलं गा. खात्री करूनच सांगतो. गळती जमिनीवर आहे. राग नको मानू, पण तुझ्या ठाण्यातच पाह्य."

तो मित्र म्हणून सांगत होता. मला ऐकू आलं ते वेगळंच. मला वाटलं, स्वतःचं यंत्र निर्दोष ठरवून हा आता माझं ठाणं बदनाम करणार, आणि साहेबांसमोर पुन्हा खुर्चीत बसून करणार. मी म्हणालो, "तू तुझा रेडिओ सांभाळ." तो निघून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत उपायुक्त साहेब दौऱ्यावर असताना हृदयविकारानं गेले. सगळं खातं हळहळलं. आणि त्याच सुमारास माझा एक जुना खबरी ठाण्याच्या मागच्या दारानं आला.

"साहेब, बोलू का नको बोलू? तुमचे रेडिओसाहेब बर्डीवर एका दुकानात बसून पोलिसाचे मेसेज ऐकून राहिले. म्या सोताच्या कानानं ऐकलं. मंग छापे काहून फसतात, हे मी काय सांगू?"

मी एवढंच म्हणायला हवं होतं: मला माहीत आहे, ते सरकारी काम आहे, तू गप्प राहा. पोलिसात खबर आली की अधिकारी पहिल्यांदा ती आपल्याला आधी माहीत असलेल्या गोष्टींशी ताडून बघतो. मला सगळं माहीत होतं. मी खबऱ्याला चहा पाजला आणि त्याची खबर जशीच्या तशी सहायक आयुक्तांकडे पाठवली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. केबिनमधलं बोलणं तेवढं मी त्यात घातलं नाही.

दुकानावर छापा पडला. पोलिसांच्या लहरीवर लावलेला रिसीव्हर आणि उतरवून घेतलेले आकडे मिळाले. पंचनामा झाला. मेकॅनिक बिचारा रडकुंडीला आला होता. "साहेब, हे तर साहेबाइचंच काम होतं, मले सरकारी काम म्हनून सांगतलं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. चौकशीच्या खोलीत असं बोलणारी माणसं आम्हाला रोज भेटतात, त्यामुळं कुणी लक्ष दिलं नाही.

मग रेडिओसाहेबाला बोलावलं. खबर माझ्याकडून गेली होती, म्हणून मीही तिथं होतो. सहायक आयुक्तांनी विचारलं, परवानगी कुणाची होती? त्यानं दिवंगत साहेबांचं नाव घेतलं. लेखी आहे का? नाही. कुणी साक्षीदार? त्याचा चेहरा तेव्हा खुलला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सुटलो, असंच त्याला वाटलं. त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"ह्याले विचारा ना, साहेब. हा तिथंच उभा होता."

सहायक आयुक्त माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "उपायुक्त साहेब असं काही बोलल्याचं मला आठवत नाही."

तो ओरडला नाही. त्यानं बोट खाली घेतलं आणि नुसतं म्हणाला, "काहून बे?" या 'का'चं उत्तर चौकशीच्या कागदात नाही. उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याला खुर्ची मिळाली होती आणि मी उभा होतो. एवढंच.

तो निलंबित झाला. आता गळती बंद होईल, असं सगळ्यांनी धरलं. पुढचा छापा मी स्वतः घातला. खोली रिकामी आणि चहा गरम.

पण त्या दिवशी सट्ट्याचे आकडे लिहिणारा एक माणूस मागच्या भिंतीवरून उडी मारताना पाय मुरगळून सापडला. पन्नाशीचा, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. ठाण्यात आणून मी त्याला समोर बसवलं. दमदाटी केली तर अशी माणसं मिटून बसतात. त्यांना थोडं हसू दिलं की बोलतात. मी म्हणालो, "तुम्ही लोक हुशार झाले गा. वायरलेस ऐकता म्हणे."

तो इतका हसला की ठसका लागला. "वायरलेस? साहेब, आमाले घरचा रेडिओ धड लावता येत नाही! तुमचा शिपाई आला अन् तर्रीपोहेवाल्याची बायको झारा घेऊन बसली का आमी चटई गुंडाळतो. पुऱ्या मोहल्ल्याले ठावं आहे. तुमालेच ठाव नसन."



छाप्याला दोन पंच लागतात, बाहेरची, निःपक्ष माणसं. ऐनवेळी पंच मिळवणं मोठं कटकटीचं काम. लोक टाळतात, कोर्टात उलटतात. म्हणून मी दोन माणसं धरून ठेवली होती. एक ठाण्याजवळच्या वस्तीतला तर्रीपोहेवाला आणि दुसरा त्याच्या शेजारचा, माग बंद पडलेला विणकर. दोघंही साक्षीत डगमगत नसत. मला या व्यवस्थेचा अभिमान होता. छाप्याचा हुकूम आला की मी पहिल्यांदा शिपाई पाठवून त्यांना बोलावून घ्यायचो. पोहेवाला हात पुसून उठायचा आणि त्याची बायको त्याच्या जागी बसून तर्री वाढायची. त्या दोघांनी कधी कुणाला एक शब्द सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. रेडिओसाहेबाचे आकडे उलगडायला कुणालाच जमलं नव्हतं, आणि इकडं मी भर चौकात, दिवसाढवळ्या छाप्याची दवंडी पिटत होतो.

गळती जमिनीवर आहे, तुझ्या ठाण्यातच पाह्य. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं.

मी पंच बदलले. लांबच्या वस्तीतले, दर वेळी वेगळे, आणि त्यांनाही छाप्याचं गाडीत बसल्यावरच सांगायचं. पुढचे छापे यशस्वी झाले. नवे उपायुक्त आले होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, शाबासकी दिली आणि समोरच्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "बसा." मी बसलो. गळती कशी सापडली, असं त्यांनी विचारलं. खरं सांगायची ती वेळ होती. रेडिओसाहेबाची चौकशी तेव्हा चालूच होती. मी म्हणालो, "सर, पद्धत थोडी बदलली." त्यांनी अधिक विचारलं नाही. मीही खुर्चीतून उठलो नाही.

चौकशीत त्याच्यावर गुन्हा शाबित झाला नाही, पण विनापरवाना संदेश ऐकल्याचा ठपका राहिला. वेतनवाढी थांबल्या आणि त्याला दूर जंगलातल्या सिरोंचाच्या बिनतारी केंद्रावर पाठवलं. मी पुढं बढत्या घेत गेलो. तो ज्या हुद्द्यावर लागला त्याच हुद्द्यावर निवृत्त झाला. माझी बायको बरीच वर्षं विचारायची, "भावजी काहून येत नाही आता?" मी म्हणायचो, लांब बदली झाली. तिनं पुढं विचारणं सोडलं, आणि घरातला रेडिओही बिघडला तसाच पडून राहिला.

या केसनं मला दोन गोष्टी शिकवल्या. आपल्या माणसाला आपलंच कुलूप तपासायला सांगितलं, तर त्याच्या हातात तशी लेखी परवानगी द्यावी. तोंडी हुकूम देणारा गेला की तपासणारा आणि चोर यांच्यात फरक दाखवायला काही उरत नाही. हे मी पुढं प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगितलं, उदाहरण न देता. दुसरी गोष्ट कुणाला सांगितली नाही. मी आयुष्यभर संशयितांच्या हेतूंचा शोध घेतला. लोभ, सूड, भीती, सगळं ओळखायला शिकलो. असूया मात्र ओळखली नाही, कारण ती माझ्याच गणवेशात होती आणि कर्तव्यासारखी दिसत होती.

निवृत्तीनंतर कळलं, की तो हुडकेश्वरला मुलाकडे राहतो. बऱ्याच दिवसांच्या टाळाटाळीनंतर एका रविवारी गेलो. ओसरीत खुर्ची टाकून बसला होता. मला पाहताच ओळखलं. उठायला लागला. मी नको म्हणालो, तरी उठलाच आणि आपली खुर्ची माझ्यापुढं सरकवली.

"बस गा. किती म्हातारा झाला बे तू!"

सून चहा घेऊन आली. नातवंडं दारात उभी राहून बघत होती. मी रस्ताभर जुळवलेलं वाक्य मनाशी पुन्हा म्हटलं. त्याच्याकडे वाकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "त्या दिवशी केबिनमध्ये साहेब जे बोलले, ते मला आठवत होतं. मला माफ कर."

त्यानं कानामागं हात धरला. "काय म्हनून राहिला?"

सून म्हणाली, "काकाजी, बाबांना आता ऐकू कमी येते. मोठ्यानं बोलाव लागते. अगदी ओरडून."

तो हसत माझ्याकडे वाकला. "हो गा, मोठ्यानं बोल. काही ऐकू नाही येऊन राहिलं."

सून थांबली होती. नातवंडं थांबली होती. रोज सकाळी तो वायरलेसवर मला विचारायचा आणि मी मुद्दाम गप्प बसायचो, ते सगळं त्या क्षणी आठवलं. मी छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो,

"चहा चांगला झाला म्हणतो!"