शांतम्माचं करडीचं तेल

शनिवारी तेल विकत घ्यायचं नसतं. रविवारी शांतम्मा आठवडी बाजारात बसायची. आणि सोमवारी तिच्या घरी घाण्याच्या बैलाला जुंपत नसत, कारण तो महादेवाचा वार. त्यामुळं पाथरीच्या त्या गल्लीतल्या पोरांची डोकी शनिवारपासून कोरडीठाक पडायची, ती थेट मंगळवारी सकाळी शांतम्मा यायची तेव्हाच चमकायची.

शांतम्मा तेलीण. उंच, काटक, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात दोऱ्याला लिंगाची चांदीची डबी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं आणि टोपल्यात करडीच्या तेलानं भरलेली पितळी चरवी. बाया आपापली बुधली घेऊन दारात यायच्या. शांतम्मा पळीनं तेल मापून द्यायची, वर चार थेंब घालायची, आणि मग तेलानं माखलेला हात शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या डोक्याला पुसायची. तेल म्हणजे अन्न, ते पदराला पुसायचं नसतं, असं तिचं म्हणणं. त्या हातासाठी पोरं एकमेकांना ढकलायची.

सगळ्यांत पुढं असायची दत्तरावांची कडू. तिच्या आधीची दोन लेकरं गेली होती, म्हणून नजर लागू नये अशा हिशेबानं आईनं, सुलाबाईनं, नाव ठेवलं कडूबाई. शाळेत त्या नावावरून पोरी चिडवायच्या. शांतम्मा मात्र तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायची, "कडू कशाची ही? करडी हाय करडी." एवढं ऐकायलाही कडू शाळेला उशीर करायची.

दत्तराव मानवतच्या मोंढ्यात कापसाची दलाली करायचे. रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचे. नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद होत्या, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कडू नऊ वर्षांची होती. दत्तराव पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर पडले, आणि गल्लीच्या वळणावर समोरून शांतम्मा आली. दत्तराव तिथूनच मागं फिरले. पिशवी खुंटीला अडकवली, पाणी प्यायले आणि ओट्यावर बसून राहिले. शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. "सकाळच्या पारी तेलीण आडवी आली, झाला आजचा दिवस," एवढंच म्हणाले. पण वळणावर शांतम्माला ते ऐकू गेलं.

त्या दिवशी शांतम्मानं नेहमीसारखं तेल मापलं. पुढच्या खेपेपासून मात्र एसटी गेल्यावरच ती गल्लीत येऊ लागली. सुलाबाईला वाटलं, वयानं उशीर होत असेल. खरी गोष्ट कडूला कळली ती योगायोगानं. गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाचं एक जुनं झाड होतं. एका गुरुवारी तिकडं काड्या तोडायला गेली, तर झाडाच्या पलीकडच्या अंगाला शांतम्मा उभी. डोक्यावर तसंच भरलेलं टोपलं, मान ताठ, डोळे मिटलेले. एसटीच्या भोंग्याची वाट बघत होती.

कडूनं विचारलं, खाली कामून ठेवत न्हाईस?

"खाली ठेवलं तर परत डोक्यावर कोण चढवंल? घरून निघताना सून हात लावती. इथं कोन हाय?"

"मी हाय की."

शांतम्मानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं. "तुझा हात पुरू दे, मग बघू," ती म्हणाली.

हात पुरायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत कडू मंगळवारी, गुरुवारी लिंबाखाली जायचीच. काही करता येत नव्हतं, म्हणून नुसती सोबत उभी राहायची. शांतम्मा तिला घाण्याच्या गोष्टी सांगायची. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधली तरी घरातलं कोण जवळून गेलं हे त्याला कसं कळतं, पेंड गरम असताना तिला वास कसा सुटतो, असलं काहीबाही. कडू सातवीत गेली तेव्हा टाचा वर करून तिचे हात टोपल्याच्या कडेला पुरले. त्या दिवशी शांतम्मानं पहिल्यांदा टोपलं खाली उतरवलं, झाडाला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

पुढं एकदा भोंगा वाजला तरी एसटी सुटायला उशीर झाला. दत्तराव घरून निघून लिंबापाशी पोचले, तेव्हा त्यांची लेक दोन्ही हातांनी तेलाचं टोपलं उचलून शांतम्माच्या डोक्यावर ठेवत होती. तिघं समोरासमोर आले. कडूचे हात टोपल्याला तसेच धरलेले. सोडले असते तर तेल सांडलं असतं. शांतम्मानं पदर पुढं ओढला. दत्तराव जागीच थांबले. घराकडं एकदा वळून बघितलं, आणि मग दोघींच्या बाजूनं एसटीकडं निघून गेले.

कडूनं दिवस कसा काढला ते तिचं तिला माहीत. संध्याकाळी वडील आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. सुलाबाईनं बाजाराचं विचारलं तसं म्हणाले, "रोजच्यासारखाच होता." त्यानंतर ते कधी मागं फिरले नाहीत. पण शांतम्मानं लिंबाखाली थांबायचं सोडलं नाही. एकदा लागलेली सवय, ती म्हणायची.

मग रेशनवर पामोलिन आलं. आधी बाया नावं ठेवायच्या, वास न्हाई, चव न्हाई. हळूहळू भाजी पामोलिनची आणि शेंगदाण्याच्या चटणीवर, कळण्याच्या भाकरीबरोबर घ्यायला तेवढं घाण्याचं, असं झालं. नंतर किराणा दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकू लागल्या. शांतम्मा आठवड्यातून एकदाच येऊ लागली, आणि टोपलं इतकं हलकं झालं की तिला ते एकटीला चढवता यायचं. अठरा पुरी झाल्यावर कडूचं लग्न झालं, राणीसावरगावच्या मुंजाजीशी. शेतीचं घर, माणसं चांगली. पण डोक्याला तेल लावताना तिला दुकानातल्या तेलाचा वास यायचा, आणि हात जागच्या जागी थांबायचा.

लेक तीन वर्षांची झाली त्या वर्षी ती पंचमीला माहेरी आली. पंचमीच्या आधीचा मंगळवार होता. सकाळी उठून ती दारात बसून राहिली. दुपार झाली. आईला विचारलं तर सुलाबाई म्हणाली, "अगं, दोन वर्षं झाली तिला बंद करून. घाणाच बंद हाय."

कडू लेकीला कडेवर घेऊन तेलगल्लीत गेली. घाण्याच्या खोलीत आता शांतम्माच्या मुलाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. शांतम्मा मागच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं ओळखलं, पण आवाजावरून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बैल विकला नव्हता. गुरांच्या बाजारात विकला असता तर तो खाटकाकडं गेला असता, म्हणून मठाला देऊन टाकला, असं तिनं सांगितलं. मग तिनं गल्लीतलं एकेक घर विचारलं. कुणाची सून कशी हाय, कुणाचे गुडघे कसे हाईत, कुणाच्या घरी दिवा अजून तेलाचाच लावतात का. कडूला निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत.

"तू ये की घरी," कडू म्हणाली. "आई हाय, आमी हाव."

"तेल न्हाई तर काय म्हणून येऊ गं? दारात उभी राहून काय सांगू?"

"बसायला ये."

"बसायला," शांतम्मा म्हणाली, आणि हातातली शेंग फोडायची विसरली. इतक्या वर्षांत ती त्या गल्लीतल्या कुठल्याच घरात बसली नव्हती.

कडूनं घरी येऊन आईला सांगितलं. पंचमीच्या दिवशी सुलाबाईनं शेजारच्या पोरीला धाडून शांतम्माला बोलावलं. ती आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर काहीच नाही, आणि हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. ओट्यावर दत्तराव बसले होते. मोंढ्याचं काम त्यांनी केव्हाच सोडलं होतं. ते उठले, आतून चटई आणली आणि ओट्यावर अंथरली. "बसा," म्हणाले. तिला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं. शांतम्मा बसली. आजूबाजूच्या बाया जमल्या, पुरणाची दिंडं खाल्ली, जुनी पोरं आठवली. घटकाभरानं ती उठली. जाताना कडूच्या लेकीच्या हातात गुळाचा खडा ठेवला.

दिवाळीत भाऊबीजेला कडू पुन्हा आली तेव्हा पहिलं शांतम्माचंच विचारलं. सुलाबाई म्हणाली, ती दोनदा आली, मग यायची थांबली.

"बोलावलं न्हाईस का तू?"

"बोलावलं गं. म्हणाली, रिकाम्या डोक्यानं चालायला वाट लय लांब वाटती."

कडूनं ठरवलं, उद्या सकाळी आपणच तेलगल्लीत जाऊन यायचं. पण सासरहून जीप पहाटेच आली, आणि मुंजाजी बाहेर घाई करत होता. ज्वारीच्या पेरणीचे दिवस होते.