ओट्यावरची चिलटं

चहाच्या कपाच्या काठावर एक चुकार चिलट बसलंय. हाकलावंसं वाटत नाही.

गेला आठवडाभर ओट्यावर त्यांचा थवा होता, आणि आठवडाभर मी भांडी घासायला येणाऱ्या लताबाईंना बोलत होते. "मोरी नीट घासत जा हो." त्या मुकाट्यानं पुन्हा घासायच्या. एकदाच म्हणाल्या, "ताई, मोरीतली माशी काळी, केसाळ असती, भितीला बसून राहती. ही तांबड्या डोळ्याची हाय. कुठंतरी फळ नासलंय बघा." मी फळांची रिकामी टोपली दाखवून त्यांना गप्प केलं.

परवा साबुदाण्याचा डबा काढला, तर मागे लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली सीताफळं. लताबाईंनीच गावाहून आणलेली. "दोन दिवस दडपून ठेवा, पिकतील," म्हणाल्या होत्या. मी दडपली आणि विसरले. आता त्यांचा काळा लगदा झाला होता आणि त्यावर चिलटं नुसती घोंगावत होती. लताबाईंनी मध्ये विचारलंही होतं, "गोड निघाली का?" मी म्हटलं होतं, "अगदी साखर!"

घरात काही नासलं की माझी नजर आधी दुसऱ्याच्या हातांकडे का जाते? गाठोडं मी गुपचूप कचऱ्यात टाकलं.

आज लताबाई आल्या आणि ओटा बघून हसल्या. "गेली की चिलटं! कुठं होती हो?"

"मोरीतच," मी म्हटलं.

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी पदर खोचला, आणि आत्ता त्या मोरी घासताहेत.