शेवटची तीन प्रकरणं

माझ्या सगळ्यात आवडत्या सिनेमाचा मी फक्त शेवटचा अर्धा तास पाहिलाय, आणि माझ्या सगळ्यात आवडत्या कादंबरीचं नाव सांगायची मला लाज वाटते. मी मराठीची शिक्षिका होते. निवृत्त झाले तरी शाळा अधूनमधून पाहुणी म्हणून बोलावतात. मुलं हमखास विचारतात, "बाई, तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?" मी एखादं वजनदार नाव ठोकून देते. मुख्याध्यापक मान डोलावतात, शाल-नारळ होतो, पोहे खाऊन मी घरी येते.

खरं पुस्तक वेगळंच आहे. मुखपृष्ठावर एका बाईचा चेहरा, गालावर सुपारीएवढा अश्रू आणि मागे समई. भाषा अशी की माझ्या नववीच्या मुलांनी तसा निबंध लिहिला असता, तर मी वही त्यांच्या हातात परत दिली असती. पण आवड काही गुण बघून बसत नाही.

आमचं घर सोलापुरात, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. वडील गिरणीत होते आणि अम्मा घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि भांडण झालं तर जी आधी तोंडात येईल ती. दुपारी अम्माबरोबर शेजारच्या दोन बायकाही पडवीत येऊन बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. हात आणि डोळे कामात असायचे, कान मात्र मोकळे. रेडिओ होता, पण तो आपल्या मर्जीने बोलायचा. मग अम्माने मला वाचायला बसवलं.

मी वाचायला लागले ती साहित्याच्या ओढीने, असा माझा एक समज निवृत्तीच्या भाषणात मी सगळ्यांच्या गळी उतरवला होता. खरं म्हणजे शाळेतून आलं की विड्यांची तोंडं बंद करायचं काम आम्हा पोरींकडे असायचं, आणि त्याने माझी नखं दुखायची. वाचणारीला त्यातून सुटका होती. सुटी नसेल तर सकाळची शाळा करून यायचं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पोटात ढकलायची आणि बारा-साडेबाराला पुस्तक उघडायचं. वडिलांच्या नावावर वाचनालयातून पुस्तकं यायची. मी मराठीत वाचायचे. कुणी अडलं की ते वाक्य तेलुगूत सांगून पुढे जायचे.

अम्मा पुस्तकांची परीक्षा कामावरून करायची. रहस्यकथा लागली की विड्या भराभर वळल्या जायच्या. विनोदी पुस्तकात तंबाखू सांडायची. भुताच्या गोष्टीने एकदा तिने पानाऐवजी बोटालाच कात्री लावली, तेव्हापासून भुतांना आमच्या पडवीत बंदी आली. रडक्या कादंबऱ्यांवर तिचा राग होता, कारण रडताना हात थांबतात. पण त्या कादंबरीच्या वेळी तिने चकार शब्द काढला नाही. कारण होती अक्का.

अक्का आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली, तेव्हा चोविशीची असेल. तिचा नवरा यंत्रमागावर काम करायला भिवंडीला गेला आणि तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. सासरच्यांनी हिला वर्षभर राबवून घेतलं आणि एक दिवस तान्ह्या मुलीसह बाहेर काढलं. माहेरी भावजयीने दोन महिन्यांत तोंड फिरवलं. मग ती सोलापूरला आली, अम्माकडून विडी शिकली, आणि मुलीला सुपाशेजारी निजवून कामाला बसली. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. ऐकायला मात्र अशी बसायची की मी थुंकी गिळायला थांबले तरी तिला खपायचं नाही. "फुडं की गं," म्हणायची.

त्या कादंबरीतल्या बाईलाही नवऱ्याने टाकलेलं होतं. ती शहरात येते, शिवणयंत्र चालवायला शिकते, लोकांची बोलणी खाते, पण हटत नाही. पहिल्या दोन प्रकरणांतच अक्काने तिला आपली मानलं. नायिकेला ताप आला की हिचा चेहरा उतरायचा, नायिकेला पहिलं गिऱ्हाईक मिळालं तेव्हा तिने आमच्या सगळ्यांसाठी गूळ घालून चहा केला. बायका थट्टा करायच्या, "अगं, तिनं काय तुला निमंत्रण धाडलंय का?" अक्का हसायची आणि विडी वळायची.

त्याच आठवड्यात तिच्या भावाचा निरोप आला. नवरा भिवंडीहून परत आलाय, तिकडची बाई त्याला सोडून गेलीय, सासरचे म्हणतात झालं गेलं विसरून जा. रविवारी मी येतो, सामान बांधून ठेव. अम्मा म्हणाली, जाऊ नकोस. दुसरी शेजारीण म्हणाली, जा, पोरीला बाप लागतो. अक्काने दोघींचं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाली, "हिचं काय हुतंय ते बगू. मग मी ठरविते."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मी तिच्या समोर बसत होते आणि तिचे डोळे मला दिसत होते.

शुक्रवारी शाळेत खेळाच्या तासाला मी पुस्तक घेऊन पाण्याच्या टाकीमागे बसले आणि उरलेलं सगळं वाचून काढलं. नायिका स्वतःच्या नावाने खोली घेते, दाराला स्वतःचं कुलूप लावते, इथपर्यंत सगळं छान होतं. मग शेवटच्या तीन प्रकरणांत नवरा परत येतो. रडतो. ती शिवणयंत्र विकून त्याच्या मागोमाग जाते, त्याची सेवा करता करता खंगते आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून मरते. सगळं गाव तिला देवी म्हणतं. मला इतका राग आला की मी ते पुस्तक टाकीत बुडवायला निघाले होते. पण वाचनालयाचा शिक्का दिसला आणि वडिलांची भीती वाटली.

शनिवारी दुपारी मी वाचायला बसले. नायिकेने कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि मी पुस्तक मिटलं. "संपलं," म्हटलं.

"एवढंच?" अम्माने विचारलं.

"एवढंच."

अक्काने सुपातली तंबाखू एका बाजूला केली, मुलीला उचललं आणि आपल्या खोलीत गेली. रविवारी भाऊ आला, दुपारपर्यंत ओरडला, आणि एकटाच एसटीने परत गेला. मी दाराआडून ते पाहत होते. सुरुवातीला मला इतका आनंद झाला की संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आनंद पावसाळ्यापर्यंत टिकला. मग अक्काच्या मुलीला ताप आला आणि ती भर पावसात तिला खांद्यावर टाकून सिव्हिलला चालत गेली. बाप असता तर, असं बायका कुजबुजल्या. तिच्या छपराला गळती लागली, ते माझ्यामुळे. तिच्याकडे तांदूळ संपले, ते माझ्यामुळे. बारा वर्षांच्या पोरीने एका बाईचा संसार खोटं बोलून मोडला, हे मी कुणाला सांगणार? मी घरातून काही ना काही तिच्याकडे नेऊन द्यायचे. अम्मा म्हणायची, पोरगी मायाळू आहे. मायाळू कसली, चोराच्या मनात चांदणं.

पुढे मी शिक्षिका झाले. कुणी धड्यातलं वाक्य बदलून लिहिलं की निम्मे गुण कापायचे. "लेखकाने जे लिहिलं तेच लिहायचं," असं वर्गात ठणकावून सांगायचे आणि सांगताना दरवेळी मला अक्का आठवायची. तिचं तसं वाईट झालं नाही. मुलीला तिने शिकवलं, ती आता पुण्यात नर्स आहे. अक्काला विडी कामगारांच्या वसाहतीत घर मिळालं. मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जातेच. मध्ये पन्नास वर्षं गेली, आम्ही दोघींनी जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा मारल्या, पण त्या पुस्तकाचं नाव मी कधी निघू दिलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. "अगं, टीव्हीवर बग. आपल्या पुस्तकाचा शिनेमा लागलाय. तीच बाई, तेच मशीन. निम्मा झाला. येतीस का?"

त्या कादंबरीवर सिनेमा निघाला होता हे मला माहीतच नव्हतं. साठी उलटलेली बाई, गुडघे माझे असे, पण मी पायांत दोन वेगळ्या चपला घालून रिक्षात बसले. ऊन मरणाचं होतं. रिक्षावाल्याला वाटलं कुणीतरी अत्यवस्थ आहे. "दवाखान्यात घ्यायचं का?" म्हणाला. मी म्हटलं, तू फक्त हाण.

पोचले तेव्हा पडद्यावर नायिका कुलूप लावत होती. मी दारातूनच म्हटलं, "अक्का, बंद कर ते, चहा टाक."

"बस की गप," ती म्हणाली. तिच्या मांडीवर ताट होतं आणि ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. रिमोट तिने पदराखाली घेतला.

मग मी बसले आणि पाहिलं सगळं. नवरा आला. व्हायोलिनं वाजली. मशीन विकलं गेलं. नायिका खोकायला लागली आणि मी अक्काकडे बघेना. ती मेली, गावाने फुलं टाकली, नावांच्या पाट्या सुरू झाल्या. अक्का शेंगा सोलतच होती.

मी सांगून टाकलं. सांगता सांगता रडू आलं. म्हटलं, अक्का, पुस्तकातही हेच होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले. तीन प्रकरणं मी वाचलीच नाहीत. तू माझ्या भरवशावर ठरवलंस, आणि तुला एवढे हाल काढावे लागले.

तिने ताट बाजूला ठेवलं. "मला म्हाईत हाय," म्हणाली.

"आता कळलं, हो ना?"

"न्हाय. त्याच दिवशी. तू मिटलंस तवा उजव्या हाताला एवढं जाड राहिलं व्हतं." तिने अंगठा आणि बोटात अंतर धरून दाखवलं. "पंचवीस विड्यांच्या बंडलात एक कमी आसली तरी मला हाताला कळती. आन् तुज्या हातातलं एवढं पुस्तक मला दिसनार न्हाय व्हय?"

"मग तेव्हा विचारलं का नाहीस?"

अक्काने सोललेले दाणे माझ्या ओंजळीत घातले.

"इचारलं असतं तर तू वाचून दाखवलं असतंस की."