उलटी बाजू

मंडळी, माझा भाऊ समुद्रात गॅसचे पाइप टाकणाऱ्या बार्जवर वेल्डर आहे. घरचा चादरींचा माग सोडून गेला म्हणून आमचे वडील, अप्पा, दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते.

आज दुपारी त्याने साहेबांना विचारून व्हिडिओ कॉल केला. मी फोन सरळ अप्पांसमोर धरला. त्याने नुकताच केलेला जोड दाखवला. बार्ज पुढे सरकली, तसा तो जोड मागे पाण्याकडे निघाला.

"समुद्रात गेल्यावर कुणाला दिसणार न्हाय की ह्यो," अप्पा म्हणाले. "तरी एवढा साफ केलास?"

"तुमीच शिकवलंय की, अप्पा. चादरीची उलटी बाजू पयली बघायची."

अप्पांनी चष्मा पुसला.

"पुढचा दाव," म्हणाले.

तुमचं काम घरच्यांनी कधी असं बसून बघितलंय का?