लिंबू-पिवळा

माझी मुलगी आणि माझ्या नणंदेची मुलगी सोलापुरात एकाच शाळेत जात होत्या. माझी दुसरीत, नणंदेची चौथीत. नणंदेचं गाव मंगळवेढ्याकडचं. दुष्काळात तिथली शाळा नावापुरती उरली, मास्तर फिरकेनात, म्हणून नणंदेनं लेकीला आमच्याकडे ठेवलं. पुढे पाऊसपाणी बरं झालं तरी ती आमच्याकडेच राहिली. अबोल पोर. ‘हाय’, ‘न्हाय’, ‘व्हय’ यांवर तिचं भागायचं, आणि वर्गात तेवढं बोललं तरी मुली हसायच्या, म्हणून वर्गात तेही बंद.

शाळेचे रंग जांभळा आणि पिवळा. फाटकाला तेच, पताकांना तेच. त्या वर्षी शाळेचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं. पुण्याहून कोणी बडे पाहुणे यायचे होते. मुलांनी पटांगणात उभं राहून समई करायची होती. जांभळ्या कपड्यांतली मुलं म्हणजे समई, पिवळ्या कपड्यांतली म्हणजे ज्योत. गच्चीवरून त्याचा फोटो काढणार होते. पिवळा म्हणजे लिंबू-पिवळाच हवा असं बाईंनी बजावलं होतं, आणि कापड नवी पेठेतल्या एका दुकानातूनच घ्यायचं होतं.

माझ्या मुलीचं नाव ज्योतीत आधीच आलं होतं. तिचं कापड आणलं, फ्रॉक शिवून झाला. नणंदेच्या मुलीच्या वर्गाला मात्र शेवटच्या आठवड्यात सांगितलं. मी दुकानात गेले तर तागा संपलेला. दुकानदार म्हणाला, नवा माल यायला पंधरवडा लागेल. बाजारात फिरले. सगळीकडे मोहरीसारखा, नाहीतर अगदी फिकट पिवळा. शेवटी पांढरं मांजरपाट आणि रंगाची पुडी घेऊन घरी आले.

शेजारी एक तेलुगू कुटुंब राहायचं. यजमान मागावर चादरी विणायचे. त्यांचा मुलगाही चौथीत आणि त्यालाही कापड मिळालं नव्हतं. त्या बाई सदरा घेऊन आल्या आणि आम्ही दोघींनी मिळून पाणी तापवलं. नळ एक दिवसाआड यायचा, त्यातलं पाणी रंगाला घालताना जिवावर आलं होतं, पण पोरांचा सण आहे म्हटलं. मोठ्या पातेल्यात मीठ टाकून फ्रॉकचं कापड आणि सदरा दोन्ही उकळले. आमचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. रंग चढला तो लिंबाचा नव्हे, गडद. दोरीवर वाळत घातलं तेव्हा पोर बराच वेळ खाली उभी राहून बघत होती.

“मामी, झेंडूवानी झालंय की,” ती म्हणाली. आमच्याकडे आल्यापासून इतकं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

वर्धापनदिनाच्या सकाळी दोघींना नटवलं. वेण्या घातल्या, जांभळ्या रिबिनी बांधल्या, पावडर लावली. थोरली, म्हणजे नणंदेची, आरशासमोरून हलेना. धाकटीला वाटायला लागलं की आपल्यापेक्षा हिचाच रंग छान आहे, आणि ती रुसली. तिला समजावता समजावता उशीर झाला. शेजारच्या बाई आणि मी चौघांना, म्हणजे दोघी मुली, त्यांचा मुलगा आणि माझ्या कडेवरचं तान्हं, घेऊन जवळजवळ धावतच शाळेत पोचलो. फाटकाशी बाईंनी मुलांना आत घेतलं आणि आम्हाला मांडवात बसायला पाठवलं.

पाहुणे उशिरा आले. माघ सरत आला होता, सोलापूरचं ऊन तोपर्यंत चांगलंच चटके द्यायला लागतं. बँड वाजला, मुलं रांगेनं आली, समई उभी राहिली. सुंदर दिसली, खोटं कशाला बोलू. माझी धाकटी ज्योतीच्या अगदी टोकाला होती. मी थोरलीला शोधत राहिले. तिथे नव्हती. शेजारच्या बाईही मान उंच करकरून बघत होत्या. त्यांचा मुलगाही नव्हता.

आजारी पडली की काय, असं मनात येऊन मी उठले. शेजारच्या बाईही माझ्यामागे आल्या. मागच्या इमारतीत शेवटच्या वर्गाच्या दाराला बाहेरून कडी होती आणि समोर स्टुलावर शिपाई बसला होता. आतून पोरांचा आवाज येत होता, दबलेला. मी विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, बाईंनी सांगितलंय, पाहुणे जाईपर्यंत उघडायचं नाही.

मी कडी काढली. त्यानं अडवलं नाही.

खिडक्याही लावून घेतलेल्या होत्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. अंधारात पोरं जमिनीवर बसली होती. सगळी पिवळी. कोणी हळदीसारखी, कोणी मोहरीसारखी, एकाच्या अंगात वडलांचा सदरा कापून केलेला होता. बहुतेक मागवाल्यांची, विडीवाल्यांची, खेड्यांतून आलेली. एका लहान मुलानं चड्डी ओली केली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. पाणी कोणी दिलं नव्हतं. आमची थोरली कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. फ्रॉक मळू नये म्हणून तिनं खाली पाटी ठेवली होती.

शेजारच्या बाईंनी मुलाला जवळ घेतलं आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. मला त्यांची भाषा येत नाही, पण ते काय होतं ते मला कळलं.

तेवढ्यात वर्गाच्या बाई धावत आल्या. त्या आधी गोडीत बोलल्या. या मुलांना नंतर खाऊ मिळणारच आहे, रंग जुळत नव्हता, फोटोत डाग दिसले असते, तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या. मग म्हणाल्या, “शाळेची शोभा असते हो.”

“पोरांना कोंडून?” मी म्हटलं. “तुमच्या पोरीला कोंडलं असतं का?”

त्यांनी वळून मांडवाकडे बघितलं. खरं तर त्यांनी उत्तर द्यायला हवं होतं, मला भांडायचं होतं. कडेवरचं पोर रडायला लागलं होतं, माझं अंग नुसतं पेटलं होतं, आणि समोरची बाई पदराशी चाळा करत उभी. मी मुलांना म्हटलं, उठा, हात धरा एकमेकांचे. चड्डी ओली झालेल्या मुलाला शेजारच्या बाईंनी उचलून घेतलं. आम्ही सगळे मांडवाला वळसा न घालता थेट पटांगणातून निघालो.

पाहुण्यांचं भाषण चालू होतं. ते थांबले. सगळं मैदान आमच्याकडे बघायला लागलं. हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मी पोरांना ज्योतीपाशी नेलं आणि म्हटलं, उभे राहा. काय करायचं ते कोणाला कळेना. माझ्या धाकटीनं मात्र सरकून जागा केली आणि ताईला ओढून शेजारी उभं केलं. मग बाकीचीही सरकली.

आणि त्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. म्हणाले, वा, ज्योत मोठी होत गेली, काय कल्पना आहे. मांडवभर टाळ्या, आणि गच्चीवरून फोटोही निघाला. हेडमास्तरांनी हसून मान तुकवली. मी तिथे, भर उन्हात, तान्हं कडेवर घेऊन उभी होते आणि त्या माणसाचं ते हसू बघत होते. कोंडण्याचा राग एक, आणि त्या हसण्याचा राग दुसरा. दुसरा जास्त होता.

घरी जाताना मी ताठ मानेनं चालत होते. थोरली मागे रेंगाळत होती. मी थांबले, तिचा हात धरला, म्हटलं, बघ, आलीस की नाही फोटोत? ती फ्रॉकवरची धूळ झटकत राहिली. मग हळूच म्हणाली, “आत बरं व्हतं मामी. तितं कोन बगत नव्हतं.”

मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. पण घरी येऊन दोघींचे कपडे बदलताना मी रिबिनी इतक्या जोरात ओढल्या की धाकटी कळवळली. चौथीतल्या पोरीला अंधारात कोंडलेलं बरं वाटावं, इतकं शाळेनं तिला शिकवलं होतं. वर्षभराची फी घेऊन हे शिकवलं होतं.

दोन दिवसांनी आमच्या यांना शाळेत बोलावणं आलं. हे गिरणीच्या ऑफिसात कारकून, कोणाशी वाकडं बोलायचं नाही हा स्वभाव. परत आले ते चपला न काढताच बसले. हेडमास्तर म्हणाले होते की बाईंनी, म्हणजे मी, येऊन माफी मागावी. नाहीतर पुढच्या वर्षी थोरलीला प्रवेश देता येणार नाही, ती तशीही अभ्यासात मागे आहे. धाकटीबद्दल तक्रार नव्हती. यांनी मला सांगितलं, जाऊन दोन शब्द बोलून ये, पोरीचं वर्ष जाईल. मी म्हटलं, मी जाणार नाही. त्यावर आमचं जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. स्वयंपाकघरातून मी मोठ्यानं बोलले आणि शेजारी ऐकू गेलं एवढं खरं.

कसं कोण जाणे, गावी कळलं आणि नणंदेचे यजमान एसटीनं आले. मला वाटलं, हा माणूस तरी रागावेल. बाप आहे. ते उंबऱ्याशीच बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाले, “वैनी, ऱ्हाऊ द्या की. लेकरू हितं शिकतंय ह्येच लई हाय. मी जातो माफी मागायला.”

मी त्यांना चहाही विचारला नाही. म्हटलं, भावोजी, तुमच्या लेकीला जनावरासारखं कोंडलं, आणि माफी तुम्ही मागणार? ते मान खाली घालून म्हणाले, आमाला काय कळतंय त्यातलं. मी आतल्या खोलीत निघून गेले. या माणसाच्या नम्रपणाचा मला इतका संताप आला की मी भिंतीवर मूठ आपटली. तो गुन्हेगार नव्हता. तरी मला त्याचाच जास्त राग आला, कारण तोच माझ्यासमोर होता.

हे बाहेरच्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. भावोजी उठून चपला घालायला लागले तसे हे उठले आणि त्यांना म्हणाले, तुम्ही बसा. सदरा चढवला आणि एकटेच गेले.

शाळेत काय बोलणं झालं ते यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. दोन तासांनी परत आले तेव्हा हातात दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले होते. धाकटीचाही. तिला काढायला कोणी सांगितलं नव्हतं. दाखले फळीवर ठेवले, भावोजींच्या शेजारी बसले आणि मला हाक मारून म्हणाले, म्युनिसिपालटीच्या शाळेत सोमवारी नाव घालू, तिथे वर्गात जागा आहे.

मग म्हणाले, पाहुण्यांना चहा दे.

मी स्टो पेटवला.