चार बटणं तुझी, चार माझी

भागीदारी जुळली की पेढ्यांसह प्रेसनोट येते. मोडली की फोनसुद्धा उचलत नाहीत! उद्योगाच्या बातम्या करून मी निवृत्त झालो, डोक्यात साठलंय ते सगळं मोडलेलंच. त्यातलं हे सावंत-कांबळेंचं.

दोघे परळच्या एकाच चाळीतले. सावंतने टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल बनवला, कांबळेने त्यातले गेम. कन्सोल एकच. सुरू करायला कंट्रोलरवरची आठ बटणं क्रमाने दाबायची. पहिली चार सावंतला ठाऊक, पुढची चार कांबळेला. क्रम हरवला तर आतले गेम कायमचे गेले. एक दाबायला लागला की दुसरा भिंतीकडे तोंड करून उभा!

"एवढा अविश्वास?" मी विचारलं.

"विश्वास आहे म्हणून तर पाठ फिरवतो, पत्रकार!" कांबळे म्हणाला.

*

पहिली भागीदार कंपनी गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमधली. त्याच गिरणीत दोघांचे बाप राबलेले. लाँचच्या दिवशी कन्सोलवर नाव फक्त कंपनीचं, हे दोघे शेवटच्या रांगेत! सुरू करायला स्टेजवर बोलावलं. सावंतने चार बटणं दाबली. कांबळे हाताची घडी घालून उभा.

"आधी आमची नावं लावा."

"नावाने गेम चालतो का?" साहेब हसले.

करार तिथेच संपला. जिन्यात सावंत ओरडला, "चालू तरी करायचास रे, येड्या!"

*

मग परदेशी कंपनी आली. तिला फक्त सावंतचा आराखडा हवा होता, कांबळेचे गेम नको. सावंतने गुपचूप होकार दिला. मी प्रतिक्रियेसाठी कांबळेला फोन केला. वाटलं, त्याला ठाऊक असेल.

बातमी त्याला माझ्याकडूनच कळली. मग म्हणाला, "छापा. त्याचं नाव नीट लिहा."

थोड्याच दिवसांत कंपनीने अंग काढून घेतलं. मी अधिकाऱ्याला धरलं, कारण सांगा! "धोरण बदललं," म्हणे. दोन माणसं मोडायला एवढं पुरतं यांना!

*

कन्सोल कांबळेच्या घरी पडून राहिला. पुढे दादरचा एक कारखानदार दोघांच्या नावांसकट तो घ्यायला तयार झाला. अट एकच, एकदा चालू करून दाखवा. निरोप्या मी!

"माझी चार तयार आहेत," सावंत म्हणाला. "घेऊन ये म्हणावं."

"कन्सोल इथे आहे," कांबळे म्हणाला. "वर ये म्हणावं."

मधे एक जिना! कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. आणि कांबळेच गेला, हार्ट अटॅकने.

*

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सावंत वर आला. फोटोसमोर मेणबत्त्या. कांबळेच्या बायकोने कन्सोल टीव्हीला जोडून त्याच्यापुढे ठेवला.

"वहिनी, त्याची चार तुम्हाला सांगितली होती त्याने?"

"मला कशी सांगतील, भावजी?"

सावंतने आपली चार दाबली. कंट्रोलर वहिनींच्या हातात दिला. आणि उठून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.